सोबत की ऐवजी? कॅन्सर, किमो आणि झाडपाल्याचं औषध

आत्याची तिसरी किमो पुढे ढकलली गेली तेव्हा घरात कुणालाच कारण कळेना. रक्ताच्या रिपोर्टात एसजीपीटी दोनशेच्या वर गेलं होतं. एसजीपीटी म्हणजे यकृताला इजा होतेय का हे सांगणारा आकडा. एरवी तो साधारण चाळीसच्या आत असतो. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, काविळीच्या तपासण्या केल्या आणि दोनदा विचारलं, "मावशी, बाहेरचं काही घेता का? काढा, पुडी, चूर्ण?" आत्या दोन्ही वेळा नाही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी साखर शोधताना पिठाच्या डब्यामागे मला एक काचेची बाटली सापडली. आत हिरवट-काळा काढा, तोंडाला फडक्याचा बोळा. गुळवेलीचा. रोज सकाळी उपाशीपोटी अर्धी वाटी, शेजारच्या गावातल्या एकांनी सांगितलेला. "ताकद येते म्हणाले. आणि झाडाचंच आहे की, त्यानं काय वाईट व्हायचंय," आत्या म्हणाली. मग जरा वेळाने, खाली बघत, "डॉक्टर रागावले असते रे."

हा लेख मी तिच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितो आहे.

आत्याने जगावेगळं काही केलं नव्हतं. 18 देशांतल्या दीडशेच्या वर अभ्यासांचा एकत्र आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सरच्या रुग्णांपैकी सरासरी 40 टक्के लोक नेहमीच्या उपचारांखेरीज काही ना काही घेत असल्याचं दिसलं. जर्मनीत मिसलटो नावाच्या वनस्पतीची इंजेक्शनं, चीनमध्ये तिथल्या जडीबुटी, आपल्याकडे गुळवेल, गव्हांकुराचा रस, गोमूत्र, हळद-मिरीच्या गोळ्या, होमिओपॅथीचे थेंब, वैदूची पुडी. तेव्हा "अडाणी लोक असलं काही घेतात" हे म्हणणं सोडून दिलेलं बरं. इंजिनीयर घेतात, प्राध्यापक घेतात, डॉक्टरांच्या घरातलेही घेतात.

या विषयात दोन शब्द वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो: 'सोबत' आणि 'ऐवजी'. किमो चालू आहे आणि मळमळ कमी व्हावी म्हणून कुणी आल्याचा तुकडा चघळतं, झोप लागावी म्हणून प्राणायाम करतं, ते 'सोबत'. याला पूरक उपचार म्हणतात. ऑपरेशन नको, किमो नको, मी फक्त काढ्यावर राहणार, हे 'ऐवजी'. हा पर्यायी उपचार. बोलताना दोन्हींना आपण एकच नाव देतो, "आयुर्वेदिक चालू केलंय", आणि घोळ तिथेच सुरू होतो.

'ऐवजी'ची किंमत किती, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये मोजलं. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठं आतडं, या चार जागी कॅन्सर असलेले, पण तो दूरवर न पसरलेले 281 रुग्ण त्यांनी निवडले. म्हणजे उपचार घेतले असते तर ज्यांना चांगली आशा होती असे लोक. त्यांनी नेहमीचे उपचार टाळून केवळ पर्यायी मार्ग धरला होता. तशाच वयाच्या, तशाच टप्प्यावरच्या, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. पाच वर्षांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 78 टक्के हयात होते, पर्यायी गटातले 55 टक्के.

त्याच गटाचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो 'सोबत'वाल्यांबद्दल आहे. या 258 रुग्णांनी नेहमीचे उपचार निदान सुरू तरी केले होते आणि जोडीला पूरक उपचार घेतले होते. त्यांच्यातही मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. मग काय, जडीबुटीने मारलं? तसं नाही. खोलात गेल्यावर कळलं की या लोकांनी उपचारांचा एखादा भाग मधेच नाकारला होता. किमो नाकारण्याचं प्रमाण त्यांच्यात 34 टक्के होतं, बाकीच्यांत 3 टक्के. रेडिएशन नाकारणारे 53 टक्के, बाकीच्यांत 2 टक्के. हा नकार हिशेबात धरल्यावर दोन गटांतला फरक ठाम असा उरला नाही.

म्हणजे 'सोबत' म्हणून सुरू झालेलं हळूच 'ऐवजी' होतं. कसं होतं, हे घरात बसून बघितलेल्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या किमोनंतर तोंड येतं, केस जातात, अन्नाचा वास नकोसा होतो. काढा मात्र सोसतो. मग मन म्हणतं, आराम तर काढ्यानेच पडतोय, ही एक किमो चुकवली तर काय बिघडणार? एक चुकते. मग शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज जायचं जिवावर येतं. कुणी ठरवून उपचार सोडत नाही, ते सुटतात.

झाडपाल्याला विज्ञान हसत नाही

"डॉक्टरांना आपल्या झाडांची किंमत नाही" ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे. ती खरी नाही, आणि हे सांगताना मला मनापासून आनंद होतो, कारण ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

सदाफुली घ्या. आपल्याकडे मधुमेहासाठी कितीतरी लोक तिची पानं चावून खातात. 1950 च्या दशकात कॅनडातले संशोधकही मधुमेहाचं औषध शोधण्यासाठीच तिच्या पानांकडे वळले. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यांनी तो धागा सोडला नाही. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

मग पानं खाल्ली तर काय वाईट? उत्तर मात्रेत आहे. व्हिन्क्रिस्टिन मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि ते फक्त शिरेतून देतात. मीठ चिमटीत घ्या, त्यातल्या मोजक्या कणांएवढंच ते भरेल. त्याहून जास्त झालं तर हातापायांच्या नसा कायमच्या दुखावू शकतात. ढीगभर पानांतून ते जेमतेम निघतं. कुठल्या पानात किती आहे, तोंडावाटे घेतलेलं रक्तात किती पोचेल, हे पान खाणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

दुसरं उदाहरण सह्याद्रीतलं. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या घाटांत नरक्या नावाचं एक झाड आहे, उग्र घाण वासामुळे पडलेलं नाव. काही जण त्याला अमृताही म्हणतात. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापायी या झाडाची इतकी चोरटी तोड झाली की वनखात्याला गाड्या पकडाव्या लागल्या. हे द्रव्य 1970 च्या सुमाराला थेट रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा त्रास इतका झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार केले आणि त्यातून आलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही दोन औषधं अमेरिकेत 1996 मध्ये मान्य झाली. मूळ द्रव्य तेच. मधली वीस-पंचवीस वर्षं मोजण्यात, बदलण्यात आणि पुन्हा मोजण्यात गेली.

सोमलाचंही तसंच. सोमल म्हणजे आर्सेनिक, विषच. चीनमधल्या हार्बिन शहरातल्या डॉक्टरांनी पारंपरिक औषधातलं आर्सेनिक 1970 च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं. आज त्या कॅन्सरच्या एका विशिष्ट प्रकारात आर्सेनिकच्या जोडीने दिलेल्या उपचारांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण फक्त त्या एका प्रकारात, ठरावीक मात्रेत, हृदयाचा आलेख तपासत. परंपरेतून आलं म्हणून ते औषध झालं नाही आणि परंपरेतून आलं म्हणून कुणी झिडकारलंही नाही. तपासून पाहिलं, इतकंच.

याच कसोटीला न उतरलेलीही उदाहरणं आहेत. जर्दाळूच्या बियांमधलं 'बी-17 व्हिटॅमिन' कॅन्सर बरा करतं, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. ते व्हिटॅमिन नाही. त्या द्रव्याची 178 रुग्णांवर घेतलेली चाचणी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केली. एकाचाही कॅन्सर बरा झाला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं. चाळीस वर्षं उलटली तरी मेसेज फिरतोच आहे.

"झाडाचंच आहे की"

आता आत्याच्या बाटलीकडे वळू. शरीरात गेलेली बहुतेक औषधं यकृतातून जातात. किमोचं औषध कुठे जिवंत करायचं, कुठे मोडायचं, बाहेर कधी टाकायचं, हे काम बरंचसं तिथे चालतं. एका छोट्या नाक्यावरून सगळी वाहतूक जावी तसं. किमोने तो नाका आधीच तुंबलेला असतो. त्यात काढा आला की दोनपैकी एक होऊ शकतं. किमोचं औषध नेहमीपेक्षा लवकर मोडलं जातं आणि त्याचा परिणाम घटतो, किंवा ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि त्रास वाढतो. रुग्णाला दोन्ही वेळा बाहेरून काही कळत नाही. युरोपात उदासीवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे आपल्या त्या नरक्याच्या कुळातल्या इरिनोटेकॅनची रक्तातली ताकद 40 टक्क्यांच्या आसपास घटते, हे मोजलेलं आहे.

आणि कधीकधी काढाच यकृताला इजा करतो. करोनाच्या काळात, 2020 च्या शेवटच्या महिन्यांत, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले. सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते आणि सगळ्यांच्या यकृताला सूज होती. त्यांनी हे प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, ती वेल गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकते, असं म्हटलं. ते धरून चाललं तरी माझा प्रश्न उरतोच. पिठाच्या डब्यामागच्या बाटलीत कोणती वेल उकळली होती, हे आत्याला तरी कुठे ठाऊक होतं?

हळदीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. आत्या सांगलीकडची, तिला हळदीविरुद्ध एक शब्द ऐकवत नाही, आणि ऐकायचं कारणही नाही. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. प्रश्न कॅप्सूलचा आहे. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. मिरी ते रक्तात जास्त पोचवते, पण त्यासाठी यकृताचं मोडण्याचं कामच मंद करते, आणि ते मंदावणं एकट्या हळदीपुरतं राहत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी देतात. नेदरलँड्समध्ये 2019 मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि मिरीच्या गोळ्यांसोबत या औषधाचं शरीरातलं कामाचं रूप काहीसं कमी झालेलं आढळलं. अभ्यास लहान, घट थोडी. पण जी गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून पाच-दहा वर्षं घ्यायची, तिची ताकद न सांगता घटवत राहणं परवडणारं नाही.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांचंही गृहीत धरू नये. फिनलंडमध्ये 29 हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीन या गाजरातल्या द्रव्याच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तो उलटा, गोळ्या घेणाऱ्यांत कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. गाजरात आहे ते चांगलं, म्हणून गाजराचा अर्क गोळीत भरला की आणखी चांगला, असं नसतं.

किमोनंतरचा दुसरा आठवडा वेगळा सांभाळावा लागतो. तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. गच्चीवरच्या कुंडीतल्या गव्हांकुराचा कच्चा रस, गोमूत्र, न उकळलेलं काहीही, यातले जंतू एरवी आपण सहज पचवतो. या दिवसांत तेच रक्तात उतरू शकतात. या काळात ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा असतो.

"अमक्याला तर गुण आला"

येल-बिल बाजूला राहतं, माणसाला माणसाची गोष्ट पटते. "आमच्या चुलत्यांना डॉक्टरांनी हात टेकले होते, पुडीने दहा वर्षं जगले." सांगणारा खोटं बोलत नसतो. पण अशा गोष्टींच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती विचारून काढावी लागते.

पहिलं विचारावं, ऑपरेशन झालं होतं का? गाठ वेळेत काढली की पुष्कळ जण तेवढ्यावरच बरे होतात. पुढची किमो असते ती नजरेला न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींसाठी, परत येण्याचा धोका खाली आणायला. तो धोका शंभरात तीस असेल, तर किमो न घेतलेल्या शंभरातले सत्तर जण बरेच राहणार. ते सत्तर म्हणतात पुडीने बरा झालो. उरलेले तीस सांगायला येत नाहीत.

दुसरं, गाठीचा तुकडा काढून तपासला होता का? मानेतली गाठ टीबीची असू शकते, स्तनातली साधी असू शकते. तुकड्याची तपासणी नसेल तर बरा काय झाला, हेच माहीत नाही. "सुई लागली की गाठ चवताळते" या भीतीने कितीतरी लोक तपासणीच टाळतात. तपासणीच्या सुईने गाठ पसरणं फारच क्वचित घडतं. पसरायची ती तशीच ठेवल्याने पसरते. मग सुई लावल्यावर महिन्याभरात पसरलेली दिसली की नाव सुईचं होतं.

आणि तिसरी शक्यता मला सगळ्यात वाईट वाटते. लेबल नसलेल्या काही पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टेरॉइडने भूक लागते, सूज उतरते, अंगात तरतरी येते. आठ दिवसांत माणूस उठून बसतो, घरात पेढे वाटतात. गाठ मात्र आत वाढतच असते.

नोव्हेंबर 2024 मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी सांगितलं की हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने त्यांच्या पत्नीने कॅन्सरवर मात केली. बातमी वाऱ्यासारखी फिरली. तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र सही करून निवेदन काढलं: असल्या सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका. त्या बाईंचं ऑपरेशन आणि किमो झालेली होती. सिद्धूंनीही पुढे सांगितलं की आहार उपचारांच्या जोडीला होता. पण लोकांच्या डोक्यात लिंबूपाणी राहिलं.

कॅन्सर हमखास बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. तुकडा काढू नका, किमो बंद केल्याशिवाय माझं औषध लागू पडणार नाही, असं कुणी म्हणालं की तिथून उठावं. बाकी शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांबद्दल मला आदर आहे. आत्याला पुढे ज्या वैद्यबाईंनी पाहिलं, त्यांनी फाईल वाचून पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलंय ना?"

लोक तिकडे का जातात, हेही डॉक्टरांनी स्वतःला एकदा विचारावं. पहाटेची गाडी पकडून आलेला माणूस चार तास बाकावर बसतो आणि आत त्याला पाच मिनिटं मिळतात. वैदू तासभर ऐकून घेतो, नाडी धरतो, जेवतोस काय विचारतो. आणि "आता आपल्याकडे उपाय नाही" असं म्हणून घरी पाठवलेल्या माणसाने करायचं काय? खरं म्हणजे तेव्हाही उपाय असतो. वेदना, धाप, झोप, भीती यांवर इलाज करणारी उपशामक सेवा असते, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन असतं. ते सांगितलंच गेलं नाही, तर माणूस पुडीकडे वळणारच. खर्चाच्या धास्तीने वळणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आधी चौकशी करावी. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक त्यात बसतात.

'सोबत' घेण्याजोगं काही आहे का? आहे की. अमेरिकेत पाचशेहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत थोड्या आल्याने किमोची मळमळ कमी झाली, अर्थात मळमळीच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने. थकवा आणि झोप यांसाठी योगासनं, चिंतेसाठी ध्यान, स्तनाच्या कॅन्सरमधल्या काही गोळ्यांनी दुखणाऱ्या सांध्यांसाठी ॲक्युपंक्चर, यांना चांगला आधार मिळाला आहे. रोज अर्धा तास चालणं तर कुणीही सांगेल. यातलं काहीही गाठ विरघळवत नाही. पण किमोचे सहा महिने निभावून नेता येतात आणि त्यामुळे उपचार पुरे होतात.

बाटली सापडल्यानंतरच्या तारखेला आम्ही घरातलं सगळं एका पिशवीत भरून नेलं. काढा, हळद-मिरीच्या गोळ्यांची डबी, वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पुड्या, शेजारणीने दिलेला अंगारासुद्धा. आत्या दाराशी घुटमळत होती. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक वस्तू हातात घेत विचारत गेले: कधीपासून, किती, दिवसातून किती वेळा. केसपेपरवर यादी लिहिली. काढा बंद, पुड्या बंद, डबी बंद. अंगारा कपाळाला लावा, पाण्यातून घेऊ नका. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "मावशी, हे कळलं असतं तर दहा दिवस वाचले असते."

आत्याने विचारलं, "मग आलं?"

"चहात चालेल. चूर्णाचा डबा नको."

तीन आठवड्यांत एसजीपीटी खाली आलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने तिसऱ्या किमोच्या नव्या तारखेला लाल गोल केला आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, 'डॉक्टरांना विचारणे: ताकातलं जिरं'.